अमेरिकेतली पर्यावरण चळवळ खरंच एका पुस्तकामुळे उभी राहिली का?

प्रश्न असा विचारलाय की अमेरिकेतली पर्यावरण चळवळ रेचल कार्सन यांच्या कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकामुळे आणि क्लीव्हलंडच्या पेटलेल्या नदीमुळे सुरू झाली असं जिथेतिथे वाचायला मिळतं, तर एक पुस्तक आणि एक आग यांनी एवढा मोठा देश कसा काय हलला, आणि मग धडाधड एवढे कायदे कसे झाले. मी मूळची सांगलीची, गेली सव्वीस वर्षं ओहायोत सांडपाण्याच्या परमिटचं, म्हणजे ते नदीत सोडायच्या परवान्यांचं, काम करते, आधी सरकारी बाजूने आणि नंतर कन्सल्टिंगमधे. त्या चळवळीतून जे कायदे निघाले तेच माझं रोजचं काम आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी माझं मत सांगून टाकते. पुस्तक मोठंच होतं, आगीचाही उपयोग झाला, पण लोक त्याच्या आधीपासून चिडलेले होते आणि नद्या तर कितीतरी आधीपासून पेटत होत्या. चळवळीला खरा जोर आला तो साधारण १९६५ ते १९७२ या काळात, जेव्हा सामान्य माणसाला कोर्टात जायची वाट मिळाली आणि कंपनीचे कागद हातात घेऊन बघता यायला लागले. पुढचं सगळं मी याच अंगाने सांगतेय.

नदीपासून सुरू करते कारण ती घराजवळची. कायाहोगा नदी क्लीव्हलंडमधून वळणं घेत एरी तलावाला मिळते. २२ जून १९६९, रविवार, दुपारची वेळ, रेल्वेच्या पुलांखाली तेल आणि लाकूडफाटा साचलेला होता, वरून जाणाऱ्या गाडीची ठिणगी पडली असं मानतात, आणि पेट घेतला. अर्ध्या तासात आग विझलीसुद्धा. नुकसान साधारण ५० हजार डॉलर. १८६८ पासून ही नदी डझनभर वेळा तरी पेटलेली आहे आणि १९५२ ची आग याहून कितीतरी मोठी, दहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालेलं. ऑगस्ट १९६९ मधे टाइम मासिकाने या नदीवर लिहिलं तेव्हा छापलेला फोटोसुद्धा १९५२ चाच होता, कारण ६९ ची आग फोटो निघायच्या आत विझली होती. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं की क्लीव्हलंडच्या लोकांनी या आगीच्या आधीच, नोव्हेंबर १९६८ मधे, नदी साफ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे रोखे काढायला मतदान करून मंजुरी दिली होती. स्वतःच्या खिशातून! त्यामुळे आगीने लोक जागे झाले हे मला पटत नाही, लोक जागे झाले होते म्हणून ही बारकी आग देशभर दिसली.

मग १९५२ मधे कुणी का हललं नाही? कारण तेव्हा चिमणीचा धूर म्हणजे घरात पगार असं समीकरण होतं. पेनसिल्व्हेनियात डोनोरा नावाचं गाव आहे, वस्ती साधारण १४ हजार, गावात जस्ताचा कारखाना. ऑक्टोबर १९४८ च्या शेवटी तिथे हवा अशी कोंडली की थंड हवा खाली, गरम हवा वर, आणि कारखान्याचा वायू झाकण ठेवल्यासारखा दरीत अडकून राहिला. पाच दिवसांत २० माणसं गेली, हजारो आजारी पडली. कारखान्याने भट्ट्या शेवटच्या दिवशी बंद केल्या, त्याच सुमाराला पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. कंपनीने पुढे कोर्टात ही दैवी आपत्ती होती असं म्हणणं मांडलं आणि दोष मान्य न करता तडजोड केली. वीस माणसं जाऊन एकालाही जबाबदार धरता आलं नाही, कारण धरायला कायदाच नव्हता.

पुढच्या पंधरा वर्षांत काय बदललं? युद्धावरून परत आलेल्या सैनिकांना स्वस्त कर्जं मिळाली, शहराबाहेर नवीन घरांच्या वसाहती उठल्या, लोक मोकळी हवा आणि चांगलं पाणी मिळावं म्हणून तिकडे गेले. घराखाली सेप्टिक टँक, त्याच आवारात पाण्याची बोअर, आणि नवीन आलेले डिटर्जंट जमिनीत कुजत नव्हते. नळ सोडला की ग्लासात फेस यायचा. ज्या माणसाने आयुष्याची कमाई घालून घर घेतलं त्याच्या स्वयंपाकघरात ही गोष्ट पोचली, आणि त्यातून बायका मीटिंगांना जायला लागल्या. चळवळीचा इतिहास लिहिणारे डोंगरदऱ्या आणि अभयारण्यांपासून सुरू करतात, आणि ती परंपरा आहेच, सिएरा क्लब १८९२ चा आहे, पण ती मुख्यतः दूरची सुंदर जागा वाचवायची परंपरा होती. ही नवीन चळवळ घरातल्या पाण्याची, दुधाची, पोराबाळांच्या अंगाची होती.

दुधावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, मला सगळ्यात आवडणारी. १९५० च्या दशकात नेवाडात उघड्या हवेत अणुचाचण्या चालू होत्या. त्यातून स्ट्रॉन्शियम ९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ वाऱ्याबरोबर पसरायचा, पावसाने गवतावर पडायचा, गाईच्या दुधात उतरायचा, आणि शरीराला तो कॅल्शियमसारखा वाटतो म्हणून लहान मुलांच्या हाडादातांत जाऊन बसायचा. सरकार म्हणायचं काळजीचं कारण नाही. सेंट लुइस शहरातल्या काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी, त्यात बॅरी कॉमनर होते आणि काम चालवणाऱ्या डॉक्टर लुईस रीस होत्या, १९५८ च्या अखेरीला आयांना आवाहन केलं की मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. आपल्याकडे पडलेला दात उंदराच्या बिळात टाकतात, तिकडे उशीखाली ठेवतात म्हणजे परी येऊन पैसे ठेवून जाते. त्या परीऐवजी दात पाकिटात घालून लॅबला जायला लागला, सोबत कार्ड, मुलाचा जन्म कधीचा, आई गरोदरपणी कुठे राहायची, बाळाला अंगावरचं दूध होतं की बाटलीचं, आणि दात देणाऱ्या मुलाला बदल्यात एक बिल्ला मिळायचा की मी विज्ञानाला माझा दात दिला. असे जवळपास तीन लाख दात जमले. नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातात स्ट्रॉन्शियम चढत गेलेलं सरळ दिसलं. १९६३ मधे उघड्या हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार झाला त्यामागे इतरही कारणं होती, पण स्वतःच्या मुलाच्या दातात पुरावा आहे म्हटल्यावर आईला कोण काय समजावणार. लोकांनीच पुरावा गोळा करायचा आणि तज्ज्ञांनी तो मोजायचा ही सवय इथे लागली असं मला वाटतं.

कार्सन बाईंचं पुस्तक सप्टेंबर १९६२ मधे आलं ते या अशा जमिनीवर पडलं. त्या स्वतः फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसमधे नोकरी केलेल्या जीवशास्त्रज्ञ, सरकारी अहवाल कसे लिहितात आणि त्यात काय दडतं हे त्यांना आतून माहीत होतं. कीटकनाशक कंपन्या तुटून पडल्या, प्रकाशकाला दाव्याची धमकी गेली. मे १९६३ मधे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने अहवाल दिला आणि बाईंचं म्हणणं मोठ्या प्रमाणात उचलून धरलं. या सगळ्या काळात त्यांना कॅन्सर होता आणि त्यांनी तो लोकांपासून लपवला, कारण कळलं असतं तर विरोधक म्हणाले असते की आजारपणामुळे असं लिहिते. एप्रिल १९६४ मधे त्या गेल्या. वय फक्त ५६.

आता तारखा बघा. पुस्तक १९६२. त्यातल्या डीडीटी या कीटकनाशकावर बंदी १९७२. मधली दहा वर्षं कुठे गेली? ती कोर्टात गेली. १९६६ मधे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काही शास्त्रज्ञ आणि एक वकील यांनी डासांसाठी डीडीटी मारणाऱ्या काउंटीच्या खात्यावर केस केली. ऑस्प्रे नावाचा मासेखाऊ शिकारी पक्षी तिथून नाहीसा होत चालला होता, डीडीटीमुळे अंड्याचं कवच पातळ व्हायचं आणि आई उबवायला बसली की अंडं फुटायचं. जज्जने फवारणी तात्पुरती थांबवली, अखेरचा निकाल मात्र त्यांच्या बाजूने लागला नाही, पण तोपर्यंत काउंटीने डीडीटी सोडलं होतं. त्याच मंडळींनी १९६७ मधे एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड काढला. पुढे विस्कॉन्सिनमधे सुनावणी, मग वॉशिंग्टनमधे कित्येक महिन्यांची सुनावणी, तिथल्या सुनावणी अधिकाऱ्याने बंदी नको असं मत दिलं, आणि ते बाजूला ठेवून ईपीए या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी जून १९७२ मधे बंदीचा हुकूम काढला. १९७९ मधे ओहायोत बाल्ड ईगलची जेमतेम चार घरटी उरली होती. २०२० मधे मोजली तेव्हा सातशेच्या वर भरली. कामावर जाताना हायवेवरून मला तो गरुड दिसतो तेव्हा पुस्तकाबरोबर त्या सुनावणीतल्या साक्षीदारांचीही आठवण होते, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

कोर्टाची वाट म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण हा भाग लोक वगळतात. पूर्वी कोर्टात गेलात की पहिला प्रश्न यायचा, तुमचं काय नुकसान झालं? तुमची जमीन गेली का, पैसे बुडाले का? नसेल तर घरी जा. न्यूयॉर्कच्या वर हडसन नदीकाठी स्टॉर्म किंग नावाचा डोंगर आहे. कॉन एडिसन या वीज कंपनीने १९६२ मधे तिथे मोठा प्रकल्प जाहीर केला, रात्री नदीचं पाणी वर चढवायचं आणि दिवसा खाली सोडून वीज करायची. आसपासच्या लोकांनी सीनिक हडसन नावाची संघटना केली. डोंगर त्यांच्या मालकीचा नव्हता. तरी डिसेंबर १९६५ मधे अपील कोर्टाने सांगितलं की निसर्गाचं सौंदर्य, त्याचं जतन आणि विरंगुळा यात ज्यांना आस्था आहे त्यांनाही दाद मागता येईल, आणि परवाना देणाऱ्या सरकारी कमिशनला वर सुनावलं की तुम्ही नुसतं पंच म्हणून बसायचं नाही, लोकांचं हित तुम्ही होऊन तपासायचं. हा निकाल म्हणजे कुलपाची किल्ली. त्यानंतर मासेमार पण त्यात आले, कारण पंप नदीतून पाणी ओढणार तर स्ट्राइप्ड बास माशाची अंडी आणि पिल्लं पण ओढणार. हे भांडण १९८० पर्यंत चाललं आणि शेवटी कंपनीने प्रकल्प सोडून दिला, जागा पार्कसाठी दिली.

त्याच हडसनवरच्या मासेमारांनी आणखी एक कमाल केली. १८९९ चा एक जुना कायदा होता, नदीत कचरा टाकला तर दंड, आणि दंडाची निम्मी रक्कम खबर देणाऱ्याला. सत्तर वर्षं तो धूळ खात पडलेला. त्यांनी तो शोधून काढला, रेल्वे कंपनीची तेल सोडणारी पाइप त्याच्याखाली पकडून दिली आणि २ हजार डॉलर बक्षीस घेतलं.

एकदा वाट दिसल्यावर बाकीचं भराभर झालं. जानेवारी १९६९ मधे सांता बार्बराच्या समुद्रात युनियन ऑइलच्या विहिरीतून तेल फुटलं आणि तेलाने माखलेले पक्षी घरोघरी टीव्हीवर दिसले. सेनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी कॉलेजांमधे चर्चासत्रांची कल्पना काढली, तोच २२ एप्रिल १९७० चा पहिला अर्थ डे, अंदाजे दोन कोटी लोक उतरले. १ जानेवारी १९७० ला निक्सननी नेपा कायद्यावर सही केली होती, म्हणजे सरकारने कुठलंही मोठं काम करण्याआधी त्याचे परिणाम लिहून लोकांसमोर ठेवायचे, आज जगभर ज्याला ईआयए म्हणतात त्याचं मूळ हे. डिसेंबरात ईपीए सुरू झाली, वर्ष संपता संपता क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. आणि मग माझा कायदा, क्लीन वॉटर अ‍ॅक्ट. निक्सननी खर्च परवडत नाही म्हणून व्हेटो केला, आणि १८ ऑक्टोबर १९७२ ला दोन्ही सभागृहांनी तो व्हेटो मोडून काढला, सेनेटमधे ५२ विरुद्ध १२, हाउसमधे २४७ विरुद्ध २३. दोन्ही पक्षांचे लोक एका बाजूला होते.

या कायद्याचा जीव कशात आहे ते ऑफिसात बसून कळत नाही. जानेवारीतली सकाळ, प्लांटच्या मागे जिथून पाणी नदीत पडतं तिथे उभं राहायचं, हातमोजे घालून बाटलीवर वेळ, जागा, स्वतःची सही घालायची, बाटली भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची, सोबतच्या फॉर्मवर बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली ती प्रत्येक नोंद. ४८ तासांच्या आत लॅबमधे बीओडीची, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन किती संपतो त्याची, टेस्ट लावायची, पाच दिवस २० अंशाला ठेवायची, आणि किती ऑक्सिजन खाल्ला गेला ते मोजायचं. शहराच्या मैलापाण्याला महिन्याची सरासरी मर्यादा साधारण लिटरला ३० मिलिग्रॅम. हे आकडे दर महिन्याच्या रिपोर्टमधे जातात, त्याला आम्ही डीएमआर म्हणतो, खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही, आणि खोटं लिहिलं तर फौजदारी गुन्हा. मी एका प्लांट मॅनेजरला सही करताना बघितलंय, पेन कागदावर टेकवून थांबला आणि म्हणाला हा ३४ आहे तो परत तपासला का. तपासला होता, ३४ च होता, आणि त्याने सही केली. मर्यादा मोडल्याची कबुली स्वतःच्या सहीने. हा कागद कुणालाही बघता येतो, आणि कायद्यातच लिहिलंय की ६० दिवसांची नोटीस देऊन कुठलाही बाधित नागरिक कंपनीवर केस करू शकतो. १९८० च्या दशकात रेगन सरकारच्या सुरुवातीला ईपीए ढिली पडली तेव्हा संघटनांनी हेच डीएमआर काढले आणि एकामागून एक केसेस लावल्या. कंपन्यांचे स्वतःचे आकडे, वेगळा पुरावा लागलाच नाही. भारताच्या १९८६ च्या पर्यावरण कायद्यात पण ६० दिवसांच्या नोटिशीची तरतूद आली, आपल्याकडे अडचण यायची ती हा महिन्याचा कागद लोकांच्या हाती लागण्याची.

भारताशी दुसरा धागा जास्त दुखरा आहे. भोपाळनंतर अमेरिकन लोकांना कळलं की तोच एमआयसी वायू युनियन कार्बाइड वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावात पण बनवते. ऑगस्ट १९८५ मधे तिथेही गळती झाली, एमआयसीची नव्हे, दुसऱ्या रसायनाची, आणि शंभराच्या वर माणसं दवाखान्यात गेली. १९८६ मधे कायदा झाला की कारखान्यात कुठली घातक रसायनं किती आहेत आणि किती बाहेर सोडली हे लोकांना सांगायचं. तो कायदा मी शिकवते तेव्हा पहिली स्लाइड भोपाळची ठेवते.

चळवळीचं कौतुक करताना एक राहून जातं. क्लीव्हलंडचे तेव्हाचे महापौर कार्ल स्टोक्स, मोठ्या अमेरिकन शहराचे पहिले काळे महापौर, आगीच्या दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना घेऊन नदीवर फिरले. पण तेच स्टोक्स अर्थ डेच्या वेळी सांगत होते की हवापाण्याच्या नादात गरिबांची घरं आणि भूक मागे पडू देऊ नका. ते बरोबर होतं. १९८२ मधे नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत, जिथे बहुतेक वस्ती गरीब काळ्या लोकांची, सरकारने पीसीबी नावाच्या रसायनाने विषारी झालेली माती पुरायचं ठरवलं. लोक ट्रकसमोर रस्त्यावर झोपले, पाचशेच्या वर अटका झाल्या, तरी माती तिथेच पुरली. पुढच्या वर्षी सरकारी तपासात दक्षिणेतल्या आठ राज्यांतली मोठी विषारी कचऱ्याची चार ठिकाणं बघितली तर तीन काळ्या बहुसंख्य वस्तीत निघाली. परमिट सगळ्यांना सारखं असलं तरी प्लांट कुणाच्या दारात येतो हे परमिटमधे नसतं, आणि माझ्या कामातली ही उणीव मला आजही डाचते.

दुसरी उणीव मी जवळून बघितली. २ ऑगस्ट २०१४, शनिवार, सकाळी एरी तलावाकाठच्या टोलेडो शहरातून ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचा फोन, घरात तीन महिन्यांचं बाळ, ताई नळाचं पाणी पिऊ नका असं टीव्हीवर सांगतायत, आम्ही उकळून घेऊ का? मी ओरडलेच, उकळू नका. एरी तलावात शेवाळ माजलं होतं, त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. आपल्या सगळ्यांच्या अंगात आजीपासून मुरलेलं की शंका आली तर पाणी उकळा, आणि इथे तेच चुकीचं. घरातले होते नव्हते ते कॅन भरून आम्ही दोन तास गाडी चालवत गेलो, वाटेत प्रत्येक दुकानातलं बाटलीबंद पाणी संपलेलं. चारेक लाख लोक सोमवारपर्यंत नळाशिवाय होते.

शेवाळाला खत मिळतं फॉस्फरसचं, आणि तो मुख्यतः मॉमी नदीकाठच्या मका आणि सोयाबीनच्या शेतांतून येतो. टोलेडोच्या लोकांनी २०१९ मधे एरी तलावालाच कायदेशीर हक्क द्यायचा ठराव मतदानाने पास केला, पुढच्या वर्षी फेडरल कोर्टाने तो रद्द केला. त्या शेतांच्या पोटात निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या असतात आणि त्यांची तोंडं ओढ्यात उघडतात. मी तिथे जाऊन उभी राहिले आहे, पाऊस झाला की त्यातून पाणी पडताना दिसतं, गढूळ, आमच्या प्लांटमागच्या पाइपमधून पडतं तसंच. पण शेतातून पावसाने वाहून येणारं पाणी क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या व्याख्येतूनच वगळलंय. त्यामुळे त्या नळीला परमिट नाही, महिन्याचा डीएमआर नाही, खाली सही करणारं कुणी नाही, आणि ६० दिवसांची नोटीस पाठवायची म्हटलं तर पाठवायला पत्ता नाही.